गव्हावर गहू

"कशावर दळताय?" डबा खाली ठेवण्याआधीच विजयमालाबाईंनी विचारलं.

"बाजरीवर," हुसेन म्हणाला. खोटं बोलून भागणार नव्हतं. दगडावरचं बाजरीचं पीठ गव्हात मिसळून पोळ्या काळपट झाल्या की बाई भांडायला आल्याच असत्या.

"मग नको. समोर बघते."

वारज्याच्या त्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर दोन गिरण्या होत्या. मच्छिंद्रने नवी गिरणी काढली आणि दळणाचा भाव रुपयाने उतरवला. हुसेननेही उतरवला. मग मच्छिंद्रने आणखी आठ आणे. आता विजेचं बिलही दोघांना सुटत नव्हतं, पण माघार कोण घेणार? हुसेनच्या गिरणीची मोटार विकत घेणारा संध्याकाळी यायचा होता. अब्बांच्या हातची गिरणी होती ती.

बाई डबा घेऊन तशाच परत आल्या. "तिकडे ज्वारी चाललीय. ठरवून छळताय का दोघं?"

"वहिनी, तिथे आठ आणे स्वस्त आहे. घ्या की ज्वारीवर."

"आठ आणे ठेवा तुमच्यापाशी. मला गव्हावर गहू हवाय. स्वस्त कोणी मागितलं होतं?"

हुसेनची नजर पाटीकडे गेली. खरंच, कोणीच मागितलं नव्हतं. पाटीवरचा भाव पुसत बसले होते ते दोघंच.

त्याने मोटार बंद केली, रांगेतले बाजरीचे दोन डबे उचलले आणि रस्ता ओलांडला.

मच्छिंद्रने संशयाने पाहिलं. "काय हाय हे, चाचा?"

"बाजरी. ज्वारी-बाजरी तू दळ. गहू मला दे. गिऱ्हाइकांना मी सांगतो."

"आन् भाव?"

"तुझा तू ठरव. माझा मी."

मच्छिंद्रने भुवईवरचं पीठ पुसलं. मग कोपऱ्यात खोळंबलेला गव्हाचा डबा त्याने स्वतःच उचलून हुसेनच्या हातात दिला.

परत येऊन हुसेनने घरचे मूठभर गहू टाकून दगड साफ केले. ओल्या फडक्याने पाटी पुसली, 'फक्त गहू' असं लिहिलं आणि खाली उतरवण्याआधीचा जुना भाव घातला. मोटारवाल्याला येऊ नको म्हणून निरोप धाडायचा होता. पण आधी दळण.

विजयमालाबाईंनी पाटी वाचली.

"भांडत होतात तेच बरं होतं की!" त्या म्हणाल्या, आणि डबा रांगेत ठेवला.