पोचल्याचा फोन

"भाऊजी, आता तरी झाडू द्या की घर." शेजारच्या कुमुदवहिनी केरसुणी घेऊन दारात उभ्या होत्या. "ऋता सकाळीच पोचली. मलासुद्धा फोटो आलाय तिचा."

अच्युतरावांना ओशाळल्यासारखं झालं. माणूस प्रवासाला निघालं, की पोचल्याचा निरोप येईपर्यंत केर काढायचा नाही, हा त्यांच्या बायकोचा, शशीचा नियम. लेक मुंबईहून मेलबर्नला निघाली, की शशी हटकून विचारायची, "किती लांब हो?"

"दहा हजार किलोमीटर. बारा तासांत पोचेल. आणि तुझ्या केरसुणीनं विमान पडत नसतं!"

ती मात्र धुळीतच बसून राहायची.

या खेपेला ऋता आईचं तेरावं करून परत गेली आणि नियम अच्युतरावांनी पाळला. विमान उतरलं, लेकीचा फोनही आला. तरी केरसुणी उचलवेना. स्वयंपाकघरातून सारखं कुणीतरी विचारत होतं, "किती लांब हो?" दर वेळी ते दचकून वळत आणि तिथे कुणी नसे.

"झाडा," ते कसंबसं म्हणाले.

वहिनींनी पदर खोचला. केरसुणी जमिनीला लागली मात्र, अच्युतरावांनी त्यांचा हात धरला. उभ्या जन्मात त्यांनी परक्या बाईचा हात धरला नव्हता.

"वहिनी, शशीला घरातून नेलं, तेव्हा तुम्ही लगेच घर झाडून काढलंत."

"रीतच आहे ती, भाऊजी."

"हो. पण ती पोचली होती का?"