रोड बाईकचा नाद

"नवी नको. जरा वापरलेली दिसेल अशी दाखवा," राजवर्धन म्हणाला आणि आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते त्यानं बघून घेतलं.

सायकल दुकानदार कृष्णातनं हातातला पाना खाली ठेवला. "चोरीबिरीची हितं मिळत न्हाय हां, पावणं."

"तसं नाही हो. तीन वर्षं वापरलेली वाटली पाहिजे."

"आन खरी किती वर्षं चालवलीया?"

राजवर्धन उगाच सायकलींच्या रांगेकडे बघायला लागला. शाळेत असताना वडिलांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून चालवली होती, तेवढीच. शिरोली एमआयडीसीत नोकरी लागली तशी बुलेट आली, आणि सायकल कुठं गेली ते कुणी विचारलंही नाही.

सगळा घोळ गेल्या रविवारी झाला. तो मंगळवार पेठेत स्थळ बघायला गेला होता. मुलगी संयोगिता, बँकेत नोकरीला. पोहे संपले, बोलायचे विषयही संपले, तेव्हा त्याच्या आईनं तिला छंद विचारला. "रोड बाईक," ती हळूच म्हणाली. राजवर्धनची कळी खुलली. बाईक म्हणजे बाईक, त्यात डोकं काय चालवायचं?

"मला पण!" तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. दर रविवारी पन्हाळा, नाहीतर गगनबावडा."

शेजारी त्याचा मावसभाऊ पृथ्वीराज बसला होता. पुण्यात वाढलेला, त्यामुळं सगळ्यातलं सगळं कळणारा. तो उडालाच. "अरे, रोड बाईक म्हणजे बारीक टायरची रेसची सायकल! तू सायकलवर पन्हाळा चढतोस? बोलला नाहीस कधी!"

तिथंच खरं सांगायला हवं होतं. पण तिच्या घरची सगळी त्याच्याकडे कौतुकानं बघायला लागली होती. मुलीच्या वडिलांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात राजवर्धनची आई म्हणाली, "सायकलवाली पोरगी बरी बाई. काटक असती." पोरगी आईच्या इतकी मनात भरली होती की लेकाच्या बुलेटचं नावही तिनं काढलं नाही. वडिलांनी तोंड मिटलं. संयोगिता राजवर्धनकडे डोळे मोठे करून बघत राहिली. त्यानं मान डोलावली. तिनंही डोलावली आणि पाणी आणायला आत गेली. येत्या रविवारी दोघांनी सायकलवरून पन्हाळ्याला जायचं, हे पृथ्वीराजनंच ठरवून टाकलं.

काल तिचा मेसेज आला होता. 'पन्हाळ्याला नक्की सायकलनंच जायचं ना?' वाचूनच त्याचे कान तापले. तिला संशय आला होता, दुसरं काय! 'अर्थात,' असं त्यानं उत्तर दिलं आणि मग दिवसभर स्वतःलाच शिव्या घातल्या. पोरगी खरंच आवडली होती. आवडलेल्या पोरीशी पहिल्याच दिवशी खोटं बोलणारा माणूस म्हणजे आपण, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

"ही बघा." कृष्णातनं एक निळी सायकल काढली. रंग थोडा उडालेला, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. "टांग टाकून हुबं ऱ्हावा. दांडा टोचतोय?"

"नाही."

"मग मापाची हाय. पयल्या सायकलीला माप बघायचं, बाकीचं मागनं. गल्लीतनं एक चक्कर मारून या की."

राजवर्धन नको नको म्हणत सायकलवर चढला. सीट कमरेपेक्षा उंच, हँडल गुडघ्याशी, आणि टायर इतके बारीक की त्यांच्यावर विश्वास कसा टाकायचा तेच कळेना. चार पायडल मारून झाले. समोरून रिक्षा आली. ब्रेक सापडेनात.

"पावणं, ब्रेक म्होरं हाईत, म्होरं!" कृष्णात ओरडला.

तोवर राजवर्धन चहाच्या गाड्यापाशी आडवा झाला होता. चहा पिणारी माणसं हसली असती तर परवडलं असतं. पण गाड्यावरच्या म्हाताऱ्या बनाबाई धावत आल्या, त्यांनी त्याची पँट झटकली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "लागलं का रं बाळा? शिकतोयस व्हय?"

तिशीच्या बाप्याला आता धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. शरमेनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरचटल्यामुळं आलंय असं दाखवायला त्यानं कोपर धरलं. सायकल हातानं ढकलत तो दुकानात आला.

"ठेवा ही. मला नको," तो म्हणाला. ह्या असल्या सोंगावर संसार उभा करायचा नव्हता. खरं कळल्यावर ती नाहीच म्हणेल, तर म्हणू दे. त्यानं फोन काढला आणि लिहिलं, 'संयोगिता, मी खोटं बोललो. मला सायकल येत नाही. मी बुलेट चालवतो. माफ करा.' लिहून झालं, पण पाठवायला अंगठा पुढं सरकेना. हे स्थळ गेलं तर आईला काय सांगणार होता तो? आणि आईचं राहू द्या, स्वतःला काय सांगणार होता?

कृष्णात फडक्यानं सायकलची धूळ पुसत होता. गिऱ्हाइकाचं उतरलेलं तोंड बघून त्याला वाईट वाटलं असावं.

"लाजताय कशाला, पावणं?" तो म्हणाला. "परवा मंगळवार पेठेतली एक पोरगी तुमच्यापरास वाईट पडली. बुलेटवरनं आलती आन म्हणत हुती, व्हणारा नवरा सायकलवाला हाय, रविवारच्या आत मला पन्हाळा चढाय शिकवा."