लुडविकचा तळहात

"आई गं, मेलो!" लुडविकने हातमोजा काढून हात झटकला. "अरे राक्षसा, चेंडू टाकतोस की तोफ डागतोस?"

एल्मर प्रूटला हसावं की रडावं कळेना. खांद्यात सुऱ्या खुपसल्यासारखं होत होतं. चेंडूत काही राम उरला नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? बारा वर्षं त्याच्या चेंडूफेकीने भल्याभल्यांना रडवलं होतं. आता छत्तिसाव्या वर्षी बेसबॉल सुटला तर पुढे कोळशाची खाण. बापाला तिनेच खाल्लं. घरी चार पोरं.

मॅनेजर हॅस्केट कुंपणाला टेकून बघत होता. संघात कोण राहणार, कोण घरी जाणार, ते आजच्या सरावावर ठरायचं होतं. समोर फलंदाज नव्हता हे नशीब, नाहीतर पहिल्याच चेंडूला पितळ उघडं पडलं असतं.

लुडविकने मांसाचा जाड तुकडा मागवून हातमोज्यात कोंबला. तळहाताला मार कमी बसावा म्हणून वेगवान चेंडू झेलणारे सगळेच तसं करत. तरी पुढच्या चेंडूला गडी मटकन खाली बसला, डोळ्यांत पाणी! हॅस्केट मान हलवत कचेरीत गेला.

एल्मर धावला. त्याने लुडविकचा हात ओढून पाहिला. नेहमीसारखाच खरखरीत. ना सूज, ना लाली.

"लुड्या! नाटक्या!"

"गप रे. तुझा चेंडू माझ्यापर्यंत पोचतोय हेच खूप. एका खाणवस्तीतले आपण, तुला कसा खाली जाऊ देईन?"

एल्मरला भडभडून आलं. त्याने दोस्ताला घट्ट मिठी मारली.

तेवढ्यात हॅस्केट कागद घेऊन आला. "प्रूट, हात अजून खणखणीत आहे तुझा. हा वर्षाचा करार." मग तो लुडविककडे वळला. "तुझे हात मात्र गेले, बाबा. सराव सोसवत नाही, सामने काय झेलणार? संध्याकाळची गाडी पकड."

लुडविक एल्मरकडे बघत राहिला. आता आपण काहीही सांगितलं तरी या साहेबाला ती थापच वाटणार. एल्मर बोलला तरच खरं. एक वाक्य पुरे होतं.

एल्मरने घसा खाकरला.

"साहेब," तो म्हणाला, "सही कुठे करू?"