तेच तेच

आठ महिन्यांनी शनीजवळच्या यानातून मिहिरचा आवाज आला, तेव्हा मंदाकिनीबाई मुलाच्या फोटोचा हार बदलत होत्या.

"आई, तू उत्तरच देत नाहीस. आता रेडिओ अधूनमधूनच लावेन."

बाईंनी इंद्रनीलला फोन केला. त्यांनी घडवलेली संगणकभाषा काढून याच विद्यार्थ्याने आठ महिन्यांपूर्वी संपर्ककेंद्रात स्वतःची सुधारित भाषा बसवली होती. "जुनं सगळं तस्संच चालेल, बाई," असा शब्दही दिला होता.

त्याने तपासून सांगितलं, "बाई, तो रोज एकच वाक्य पाठवत होता, 'आई, ऐकतेस ना?' नवी भाषा तेच तेच पुढे पाठवत नाही. ती तर सुधारणा आहे."

"आग लाव तुझ्या सुधारणेला! माझ्या भाषेत त्याची हाक रोज यायची. मी जित्या पोराचं तेरावं घातलं रे!"

फोन आपटून त्यांनी संपर्ककेंद्राला जोडलेला माइक ओढला. तो रेडिओ कधी लावेल कोण जाणे, म्हणून घसा बसेपर्यंत त्या ओरडत राहिल्या, "ऐकतेय रे मिहिर, ऐकतेय!"

शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: "संदेश एकदा पाठवला आहे. बाकीचे तेच असल्यामुळे गाळले."