बेलच्या आधी

सतरा वर्षं फौजेत काढून मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसलो. वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची, म्हणून मला सांभाळून घ्यायला कॉलेजने वर्गाचा प्रतिनिधी सोबतीला दिला. अचानक काही धाडकन वाजलं की माझं अंग मला न विचारताच स्वतःला जमिनीवर झोकून देतं, हे मी बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. तेव्हापासून बेल व्हायच्या मिनिटभर आधी तो बाकाखालून माझ्या गुडघ्यावर हळूच थाप मारायचा. वर्षभरात एकदाही चुकला नाही.

वर्ष संपताना वर्गाने माझा वाढदिवस ठेवला. आमच्या बाकामागच्या भिंतीवर फुगे बघून मी दारातच थबकलो.

"काका, नुसते शोभेला आहेत. आणि मी बसतोय ना तुमच्या शेजारी," तो म्हणाला.

मग काय, बसलो.

आवाज झाला. भानावर आलो तेव्हा मी फरशीवर होतो आणि त्याला खाली घेऊन अंगाने झाकून धरलं होतं. शेजारच्याला आधी झाकायचं, ही फौजेतली सवय. वर्ग खिदळत होता आणि सगळ्यांचे मोबाइल आमच्यावर रोखलेले होते.

"लागलं का रे कुठं?" मी विचारलं. तो उजवी मूठ घट्ट आवळून पडून राहिला. हाताला काही झालं की काय म्हणून मी ती मूठ उघडली.



आत टाचणी होती.