बांबूच्या पेराचे माप

वाचकहो, माझ्या वडिलांनी ठासणीच्या बंदुकीसाठी शोधलेले दारूचे अचूक माप मी एकदा खोटे कसे ठरविले, ती पन्नास वर्षांपूर्वीची हकीकत येथे नम्रपणे निवेदन करीत आहे.

तेव्हा सांबराच्या शिकारीस बंदी नव्हती. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, अनेक बार काढून बांबूच्या पेरावर मापाची खूण केली होती. तेवढ्या दारूने साठ पावलांवरचा कोहळा हमखास फुटे. मात्र त्या वर्षी त्यांच्या हातून तीन सांबरे निसटली. गावकरी म्हणू लागले, "तात्यांका आता हाकाऱ्यांत घाला." म्हणजे बंदूक सोडून, रानात ओरडत जनावर उठवायचे.

दोष तात्यांच्या नेमाऐवजी मापावर जावा आणि त्यांचा मान राहावा म्हणून मी युक्ती योजिली. त्यांच्यासमोर त्याच मापाने बंदूक ठासली, कोहळ्यावर बार काढला आणि तो जाणूनबुजून चुकविला.

"तात्यानू, तुमचा मापच चुकलासा," मी गंभीरपणे वदलो.

तात्या हसले. "खोटा बोलाक कोणी शिकवल्यान तुका? कोहळो माका दिसणा नाय, पण तुझा तोंड दिसता. तू फणसाकडे बघून बार काढलंस." मग बंदूक माझ्याच हाती राहू देऊन शांतपणे म्हणाले, "माप बरोबर आसा. डोळे गेले माझे. नेम तू धर, ठासून मी दितलंय."

पुढच्याच शिकारीत सांबर पडले. "बार कोणाचो?" असे गावाने विचारले, तेव्हा आम्ही बापलेक एकमेकांकडे बोट दाखवीत उभे होतो.

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल आभारी आहे.

आपला,
आत्माराम झिलू गावडे