टाचेवरची जखम

"अठरा मिलिमीटर." लाविनियाने मोजपट्टी पुसून ठेवली. "गेल्या गुरुवारी सतरा होती. जखम वाढतेय, सिस्टर."

सिस्टर स्मरांडा पट्टीचं नवं पाकीट फोडू लागली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची जखम वाढली, की दोष वृद्धाश्रमाचाच असतो.

"दर दोन तासांनी कूस बदलता?"

"बदलतो. तक्त्यावर वेळा आहेत."

"आणि जेवण?"

"घेवड्याचं सार, बटाटे. ईस्टरपर्यंत आमचं स्वयंपाकघर उपवासाचं असतं, लाविनियाताई. अंडं नाही, दूध नाही, मांस नाही."

"मग जखम भरणार कशाने?"

पलंगावरचे ऑक्टावकाका निवृत्त सरकारी अधिकारी होते, वय ब्याऐंशी. छताकडे बघत ते म्हणाले, "मी अंडं खाणार नाही. या वयात पाप कोण डोक्यावर घेईल?"

लाविनिया वाद घालत बसली नाही. तासाभरात ती चर्चमधून पाद्रीबाबांनाच घेऊन आली. आजाऱ्याला उपवासातून सूट आहे, असं बाबांनी सांगितलं आणि म्हाताऱ्याच्या कपाळावर क्रूस काढला. मग लाविनियाने दोन उकडलेली अंडी त्यांना सावकाश भरवली.

चार महिने ती दर गुरुवारी तीन तासांचा बसप्रवास करून येत होती. आल्यावर घंटा वाजवायची आणि मदतनीस किती मिनिटांत येते ते घड्याळात बघायची. गोळ्या तपासायची, गादी दाबून बघायची. पहिल्याच दिवशी नोंदवहीतल्या 'नातं' या रकान्यात स्मरांडाने आपणहून 'मुलगी' लिहून टाकलं होतं. एवढं दुसरं कोण करतं? ती त्यांना कधी 'बाबा' म्हणत नसे, निघताना गालाचा मुकाही घेत नसे. पण काही घरांत माया अशीच कोरडी असते.

"अशी मुलगी मला असती ना," स्वयंपाकीण वेता म्हणायची, "तर मी आजच पलंग धरला असता."

"धर की," स्मरांडा म्हणायची. "चिमूटभर मीठसुद्धा खाऊ द्यायची नाही ती तुला."

लाविनियाला एकच ध्यास होता. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी, मंगळवारी, ऑक्टावकाकांना शहरात न्यायचं होतं. तोवर त्यांना तीन तास खुर्चीत बसता आलं पाहिजे, डोकंही ठिकाणावर हवं. पणतवंडाचा बाप्तिस्मा असणार, असा अंदाज स्मरांडाने बांधला.

"आणि नाही झाले बरे, तर?" तिने एकदा विचारलं.

"झालेच पाहिजेत. त्यांच्यावाचून सगळंच अडेल."

ठरलेल्या मंगळवारी मोजली तेव्हा जखम चारच मिलिमीटर उरली होती. ऑक्टावकाका दाढी करून, कोट घालून चाकाच्या खुर्चीत ताठ बसले होते. आपल्या हातून एक काम तरी निर्दोष झालं, असं स्मरांडाला वाटलं.

दारात गाडी थांबली. तिच्यातून एक पोलीस आणि हातात फाइल घेतलेला कोर्टाचा कारकून उतरले.

"ऑक्टाव द्रागोमिर," कारकुनाने वाचलं. "बालगृहाचे माजी अधीक्षक. एकोणीस मुलांच्या मृत्यूचा खटला. आरोपी सुनावणीला बसण्यास सक्षम, असा डॉक्टरांचा दाखला." मग त्याने लाविनियाकडे पाहिलं. "तुम्ही यांची मुलगी?"

"नाही," तिने खाली वाकून म्हाताऱ्याच्या टाचेखाली उशी नीट सारली. "त्या एकोणिसांतला सातवा माझा भाऊ."